गडावरून वाडी दिसते का

सहलवाल्यांच्या निरोपात 'पारंपरिक वेश' असं लिहिलं होतं. पुढे 'फक्त आयोजकांसाठी' असंही लिहिलं होतं, पण तिथपर्यंत मी वाचलं नाही. त्यामुळे रविवारी वसई स्टेशनच्या पूर्वेला बस लागली, तेव्हा सगळी मंडळी सहलीच्या पिवळ्या टी-शर्टात आणि मी एकटा पुतण्याच्या लग्नातला फेटा बांधून, झब्बा-सुरवार घालून उभा. पायात बूट. बायको इतकी लांब जाऊन उभी राहिली की मी कोणाबरोबर आलोय असा प्रश्न लोकांना पडावा.

गडाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी तिथे आणखी बस लागतील, आणि त्या पापात मला वाटा नको.

खरं तर आम्हाला इतिहास ऐकायचाच नव्हता. सासऱ्यांचं एक काम होतं. त्यांची वसईजवळच्या निर्मळ गावात केळीची आणि फुलांची वाडी आहे. दोन्ही मेहुणे नोकरीत, रस्त्यापलीकडच्या वाडीत इमारत उभी राहिलेली, आणि आता आपलीही विकून टाकू असं घरात रोज चाललेलं. सासरे हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. तरुणपणी मित्रांबरोबर ते हा गड चढायचे. गडाच्या पश्चिमेच्या कड्यावरून निर्मळपासून भुईगावापर्यंत वाड्यांचा हिरवा पट्टा समुद्राच्या कडेने सलग दिसायचा, कुठे खंड नाही. आता गुडघे गेले. ते त्यांच्या वाडीतल्या बोलीत म्हणाले (मी ती बोलायला गेलो की सासरवाडी हसते, म्हणून माझ्या मराठीत लिहितो), "जावईबापू, पट्टा अजून दिसतो का ते वरून बघून या. दिसत नसेल तर मी एकट्याने कशाला राखत बसायचं?"

बायको म्हणाली, आपण दोघंच जाऊ. पण मी पडलो देशावरचा. गड कसा बघायचा हे मला समुद्राकाठच्या माणसांनी शिकवावं? मी तिला समजावलं की सोबत जाणकार हवा, नुसते दगड बघून काय कळणार, कोणी सांगितलं तर ऐकण्यासारखं खूप असतं. ती म्हणाली, "ऐकायला नाही, बघायला जायचंय." मी नावं नोंदवून टाकली.

जाणकार म्हणजे एक उमदा तरुण. कानाला माइक, खांद्याला स्पीकर. पायथ्यापासून त्याने जी लढाई सुरू केली, ती माथ्यापर्यंत थांबली नाही. त्या लढाईत आपले लोक सारखे उड्या मारत होते आणि समोरचे सारखे पळत होते. गडाचं नाव बदललं तर हीच लढाई दुसऱ्या कुठल्याही गडावर खपली असती. एका बाईंनी विचारलं की वर पहाऱ्यावर असलेली माणसं खायची काय, धान्य कुठून यायचं. तो म्हणाला, ते आपण जेवताना घेऊ. जेवताना त्याने प्रश्नमंजुषा घेतली.

माथ्यावर खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. लढाईच्या दिवसांत गडावरच्या माणसांनी ज्याच्या भरवशावर दिवस काढले असतील, ते हे पाणी. आमची अर्धी सहल त्यात पाय सोडून बसली आणि एकमेकांचे व्हिडिओ काढू लागली. बायकोच्या माहेरी वाडीत बावखल आहे, म्हणजे शिंपण्यासाठी राखलेलं तळं. पाण्याजवळ उतरायचं तर चपला वर काढून, असा त्या घराचा नियम. तिने सवयीने टाक्याच्या काठापासून लांबच बूट काढले होते. ती अनवाणी उभी आणि समोर पाण्यात एवढे पाय. तिने त्या तरुणाला जाऊन सांगितलं. तो हसून म्हणाला, "मॅडम, नॅचरल पाणी आहे, एन्जॉय करा."

तेवढ्यात त्याची नजर माझ्या फेट्यावर गेली. "काका, आज तुम्ही आमचे मावळे." त्याने माझ्या हातात लाकडी तलवार दिली आणि फोटोसाठी रांग लागली. आता खोटं कशाला सांगू, सुरुवातीला मला बरं वाटलं. ऑफिसात मला कोणी खुर्चीवरून उठूनही बघत नाही. पण रांग संपेना. शेवटी तलवार उगारलेल्या अवस्थेतच मी त्याला विचारलं, पश्चिमेच्या कड्याकडे कधी जायचं?

"ते आपल्या प्लॅनमध्ये नाही, काका. शिवाय तिकडे बघण्यासारखं काही नाही."

मी हे वाक्य आजही विसरलेलो नाही. हा गड बांधला कशाला? इथे वाडे नाहीत, दरबार नाही. खाली खाडीत कोणाची गलबतं शिरतात, किनाऱ्यावर काय हालचाल आहे, हे इथून दिसतं म्हणून कोणीतरी दगड वाहून हा डोंगर चढलं. उन्हापावसात माणसं त्या कड्यावर उभी राहिली ती तिकडेच बघत. आणि हा, गड दाखवायला आलेला माणूस, सांगतो की तिकडे बघण्यासारखं काही नाही.

बायको माझ्यासारखी विचारत बसली नव्हती. ती चालूही लागली होती. तशी याने शिट्टी वाजवली आणि माइकवरून सगळ्या गडाला ऐकवलं की एक मॅडम शिस्त मोडतायत, त्यांच्यामुळे सर्वांना उशीर होईल. सगळे वळून बघू लागले. ती परत आली, मान खाली न घालता, पण आली. मी ताडताड जाऊन त्या तरुणाला सुनावलं. म्हणजे सुनावत होतो, पण ऐन भरात फेटा डोळ्यांवर घसरला. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. एकाने टाळ्या वाजवल्या.

खाली आल्यावर प्रत्येकाला 'गडवीर' असं प्रमाणपत्र मिळालं. निर्मळला गेलो तर सासरे वाटच बघत होते. पट्टा दिसला का, त्यांनी विचारलं. काहीतरी द्यायचं म्हणून मी प्रमाणपत्र पुढे केलं. त्यांनी ते लांब धरून वाचलं. "हे कशाबद्दल?" त्यांनी विचारलं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघंच गेलो. फेटा घरी. वाट मी दाखवणार होतो, कारण फोनमध्ये नकाशा होता. पहिल्या चढानंतर नकाशा गेला आणि मी आम्हाला कारवीच्या अशा जाळीत नेलं की पुढे जाता येईना आणि मागचं दिसेना. मग तिने गुरांची वाट शोधली आणि त्या वाटेने आम्ही माथ्यावर आलो.

वर कोणी नव्हतं. कड्याच्या थोडं अलीकडे बसलो. मी लढाईबद्दल दोन शब्द सुरू केले, तिने हाताने थांबवलं. खाली वालीवच्या कारखान्यांचे पत्रे चमकत होते, त्यापुढे इमारती, पुन्हा इमारती. मला वाटलं, संपलं. मग समुद्रावरचं धुरकट वातावरण जरा विरळ झालं आणि ती म्हणाली, "ते बघा." निर्मळ गावाचं मोठं तळं उन्हात लकाकत होतं. त्याच्या कडेने हिरवं होतं. होतं, पण सलग नव्हतं. मध्येच तुटायचं, पांढऱ्या इमारती यायच्या, पुन्हा हिरवं, पुन्हा तुटायचं. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

मी म्हटलं, सलग आहे असंच सांगू या, म्हाताऱ्या माणसाला बरं वाटेल. उतरताना तिने टाक्यापाशी बूट काढले आणि पाण्यावर तरंगणारी वेष्टनं काढून पिशवीत भरली. मीही बूट काढले.

निर्मळला सासरे बावखलाच्या काठी बसले होते. ती त्यांच्या शेजारी टेकली.

"सलग नाही, बाबा. मध्ये मध्ये तुटलाय. पण आपल्या इथे जोडलेला आहे. आपल्या अलीकडचं आणि पलीकडचं हिरवं आपल्या वाडीनेच धरलंय. ही गेली तर तिथे भगदाड पडेल, आणि ते वरून दिसेल."

सासरे गुडघ्यावर हात टेकून उठले आणि केळींकडे पाणी वळवायला गेले. त्या दिवसानंतर मेहुण्यांनी विषय काढला की ते सरळ नाही म्हणतात.

परतताना स्कूटरवर माझा राग पुन्हा वर आला. ते टाकं, ती शिट्टी, ती तलवार. मी म्हटलं, त्या सहलवाल्यांना मी आता लिहिणारच, सोडणार नाही, चांगलं चार पानी लिहितो.

मागून बायको म्हणाली, "लिहा. पण लांबण लावू नका. एवढंच लिहा, तिकडे बघण्यासारखं आहे."