नसलेल्या बाई

आमच्या घरात दर बुधवारी एक बाई नसायच्या. रोह्याहून आमच्या गावी, निडीला यायच्या, चपला काढायच्या, पडवीच्या कोपऱ्यात वही घेऊन बसायच्या आणि दोन तास नसायच्या. लहान मुलं कशी वाढतात ते घरोघरी बघून लिहायचं, असं त्यांचं शिक्षण चालू होतं. आमच्याकडे त्या माझ्या मनूला बघायला येत. मनूला दोन वर्षं होऊन गेली तरी ती एक शब्द बोलत नव्हती.

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "मी घरात नाहीच असं समजा. मी मध्ये आले की मूल रोजच्यासारखं वागत नाही, मग बघितलेलं फुकट जातं."

सासूबाईंनी हे फार मनावर घेतलं. मी पाण्याचा तांब्या उचलला तर म्हणाल्या, "घरात नाय तिला पानी कसला देतेस गो?" त्या बाईंच्या पायांभोवतीने केर काढायच्या. एकदा वालाची पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. एकदा तर आम्ही शेतावर निघालो तेव्हा बाहेरून कडी घातली. दुपारी परत आलो, बाई तशाच बसलेल्या. वहीत एकच ओळ होती, 'मूल घरात नाही.'

"आयस मुकी, लेक काय भाषण देनार?" असं सासूबाई येताजाता म्हणायच्या. मी कमी बोलते हे खरंच आहे. माझ्यामुळेच मनू मुकी राहिली का, एवढंच मला बाईंना विचारायचं होतं. पण दर बुधवारी धीर होत नसे.

वैशाखात एकदा बाईंना कोरडा ठसका लागला, थांबेना. सासूबाई त्यांच्याकडे न बघता तांदूळ पाखडत होत्या. मनू उठली, पेला बुडवला, अर्धा सांडत बाईंपुढे गेली आणि म्हणाली, "पी गो."

सासूबाईंचं सूप थांबलं. बाई घटाघटा प्यायल्या. मग त्यांनी त्या पानावर आडवी रेघ मारली.

"हे धरता येणार नाही," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "मी मध्ये आले. आता वरसे गावात दुसरं घर बघावं लागेल."

त्यांनी चपला घातल्या, तेव्हा कुठे मी विचारलं, "माझ्यामुळे ती बोलत नव्हती का हो?"

"तिला पाणी देताना तुम्ही काय म्हणता?"

"पी गो, म्हणते."

बाई हसल्या आणि गेल्या. त्यांच्या कागदांत माझी मनू अजून बोललेलीच नाही.

सासूबाईंनी सूप पुन्हा उचललं. म्हणाल्या, "दोन शब्द बोलतेस दिवसाला. ते पन पोरीनं पाठ केलान."