एक बोट जागा

कर्णिक खात्याच्या दारापाशी आला की थांबायचा. डाव्या हाताने शर्टाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणामधली फट उघडायचा, उजव्या हाताने टाय आत सारायचा आणि मगच दार ढकलायचा. बाहेर येताना पुन्हा तिथेच थांबून टाय बाहेर काढायचा, त्यावरून एकदा तळहात फिरवायचा आणि ऑफिसकडे वळायचा. सिल्वासाजवळ मसाटला आमचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना होता. आत यंत्रांची धग, बाहेर मे महिन्याचं ऊन. कामगार बनियनवर असायचे, मी बुशशर्टावर, आणि हा गृहस्थ गळ्याचं बटण लावून टायमध्ये. त्यात त्याला घामही बेताचाच यायचा. देव काही माणसांना घाम द्यायला विसरतो आणि त्यांच्या वाटणीचा आमच्यासारख्यांना देऊन टाकतो, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

कर्णिकचा मला हेवा वाटायचा. हेवा हा शब्दही जरा सभ्यच झाला. मी जळायचो.

आम्ही दोघं एकाच वर्षी सिल्वासाला आलो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. भाताच्या खाचरांतून कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या आणि मुंबई-पुणे-नाशिकचे इंजिनियर जागा मिळेल तिथे बिऱ्हाडं मांडत होते. कर्णिक ठाण्याचा, मी चाळीसगावकडचा. पदवी एकच, हुद्दा एकच, दोघांच्या खोल्यांना कुलपंही एकाच दुकानातली. पण पहिल्याच आठवड्यात कामगारांनी आमची वाटणी करून टाकली. तो कर्णिकसाहेब झाला आणि मी भाऊ.

कामगार बहुतेक धुळे-नंदुरबारकडचे. माझ्या बोलण्यावरून त्यांनी मला लगेच ओळखलं. यंत्रावरचा हिंमत साक्रीचा. तो म्हणाला, "तुम्ही ते आपला भाऊ शेतस." म्हणजे तुम्ही तर आपलेच भाऊ आहात. ऐकायला गोड होतं. पण सहीचा कागद असला, रजा हवी असली किंवा भांडण मिटवायचं असलं की हाच हिंमत मला सांगायचा, "भाऊ, कर्णिकसाहेबले इचारी या ना." माझ्याच खात्यात, माझ्याच खानदेशातला माणूस मला साहेबाला विचारून यायला पाठवायचा. मला भाऊ व्हायचं नव्हतं. घरी चार धाकटे होते, भाऊपणाची हौस तिथेच फिटली होती. मला साहेब व्हायचं होतं.

कर्णिकचे वडील मुंबईत एका इंग्रजी कंपनीत होते. त्यांनी याला शाळेत असतानाच टाय बांधायला शिकवलं होतं. माझे वडील डोक्याला टोपी घालत, आणि ती घालायला शिकावी लागत नाही. कर्णिक टाय बांधताना आरशात बघायचासुद्धा नाही. वहिनींशी भाजीबद्दल बोलता बोलता त्याचे हात गळ्याशी आपापलं काम करून खाली यायचे.

लग्नसराईत त्याच्या दारात रांग लागायची. आमच्या पोरांना तेव्हा स्वागतसमारंभाला सूट शिवायची हौस आली होती. सूट वापीला शिवून मिळायचा, टायही मिळायचा, पण तो बांधायचा कोणी? मग नवरदेव संध्याकाळी कर्णिककडे. कर्णिक टाय आधी स्वतःच्या गळ्यात बांधायचा, गाठ जराशी सैल करून डोक्यावरून काढायचा, नवरदेवाच्या गळ्यात घालायचा, गाठ वर सरकवायचा आणि कॉलरमध्ये आपलं बोट घालून बघायचा. "इथे एक बोट जागा राहिली पाहिजे," तो म्हणायचा. "संसार करायचाय बाबा, फाशी नाही घ्यायची." मग बजावायचा, "गाठ सोडू नकोस. सैल करायची आणि डोक्यावरून काढून ठेवायची. जन्मभर पुरेल." खानदेशातल्या किती घरांत कर्णिकच्या हातची गाठ खुंटीवर लटकत असेल, देव जाणे.

हे एक बोट तो सगळीकडे घालायचा. एकदा पेरणीच्या दिवसांत हिंमत गावाहून दोन दिवस उशिरा आला. मी त्याला दारातूनच परत पाठवत होतो. कर्णिक मागून येऊन हळूच म्हणाला, "पाटील, एक बोट." एवढंच. चारचौघांत मला आणखी काही बोलला असता तर मी भांडलो तरी असतो. हिंमत आत गेला, संध्याकाळी आपण होऊन दुसऱ्या पाळीलाही थांबला आणि त्या दिवसापासून कर्णिकचा झाला. आता यात चूक काय होती? काही नाही. पोटात दुखायला चूक लागत नाही.

मग शेठने जवळच्याच सायली गावात दुसरा कारखाना काढायचं ठरवलं. तिथे मॅनेजर आमच्यातलाच एक होणार हे उघड होतं. म्हणजे कर्णिक किंवा मी. मी मनाशी धरलं की सायली मिळाली की साक्री-शिरपूरची तमाम पोरं मला साहेब म्हणतील, आणि ज्याची जीभ वळणार नाही त्याची मी वळवीन. यंत्रं मला त्याच्यापेक्षा जास्त कळत होती. हे मी जळून म्हणत नाही, कर्णिक स्वतः म्हणायचा.

त्याच सुमारास परदेशी पाहुणे माल बघायला येणार असल्याची बातमी आली. त्यांच्यासमोर कोण कसा उभा राहतो ते शेठ बघणार होता. मी वापीहून टाय आणला, लाल, त्यावर पिवळे ठिपके. आदल्या संध्याकाळी आरशासमोर तासभर झटलो. कधी पुढचं टोक पोटाखाली जायचं, कधी मागचं. माझी बायको मंगला पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, कर्णिकभावजींकडे जा ना. दोन घरं सोडून तर राहतात." मी म्हणालो, मरेन पण जाणार नाही. पोळ्या होईपर्यंत टाय वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या दारात उभा होतो.

तो हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं. "रंग छान आणलास," म्हणाला. स्वतःच्या गळ्यात बांधला, माझ्या गळ्यात घातला, बोट फिरवलं. "उद्या खात्यात जाताना आत खुपस मात्र."

दुसऱ्या दिवशी शेठ, पाहुणे आणि आम्ही दोघं खात्याच्या दाराशी आलो. कर्णिक थांबला, टाय आत सारला. मी तसाच पुढे गेलो. आत खुपसायचा तर आणला कशाला? पाहुण्यांना मी यंत्र समजावू लागलो आणि खरं सांगतो, चांगलं समजावत होतो. मान डोलावत होते ते. धागा कुठून येतो, कुठे पिळला जातो, हे दाखवायला मी वाकलो आणि ठिपक्यांचं टोक फिरत्या बॉबिनला लागलं. पुढचं कळलंच नाही. मान खाली ओढली गेली, गळ्याशी ठेवलेली ती एक बोट जागा संपली आणि मला समोर फक्त धागा दिसायला लागला. कोणीतरी ओरडलं. कर्णिकने हिंमतच्या हातातली कातर हिसकावली, माझी गाठ मुठीत धरली आणि टाय तिच्याखाली कापला.

मी सरळ उभा राहिलो तेव्हा माझ्या गळ्यात लाल चिंधीचा तुकडा होता. कर्णिकने तो काढला. मग स्वतःचा निळा टाय सैल केला, डोक्यावरून काढला आणि सगळ्यांदेखत माझ्या गळ्यात घातला. गाठ वर सरकवली, बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, "सांग पुढे. जिथे थांबलास तिथून."

मी सांगितलं. त्याने वरचं बटण उघडलं आणि माझ्यामागे एक पाऊल सरकून उभा राहिला. नंतर दारात सगळ्यांचा फोटो काढला. त्यात मी टायमध्ये आहे, सासऱ्याने दिलेले कपडे घातलेल्या जावयासारखा. कर्णिक उघड्या गळ्याने हसतो आहे आणि त्याच्या खांद्यावर पाहुण्याचा हात आहे.

शेठने आठवड्याने मला बोलावून चहा पाजला तेव्हाच मी समजलो. "पाटील, मशीन तो तमे सारी चलावो," तो म्हणाला. "पण कर्णिकभाई ऊभा रहे तो माल वेचाय." यंत्र तुम्ही चांगलं चालवता, पण कर्णिक उभा राहिला की माल विकला जातो. ज्या माणसाने माझा जीव वाचवला त्यालाच सायली मिळाली. मला त्याचा रागही धड करता येईना. असा शत्रू वैऱ्यालाही मिळू नये.

टाय परत करायला गेलो तर म्हणाला, "राहू दे. तुला बरा दिसतो." त्या 'बरा'वर मी कितीतरी दिवस घालवले. मग मी तो रोज घालू लागलो. डोक्यावरून घालायचा, गाठ वर सरकवायची, संध्याकाळी सैल करून खुंटीला. आयत्या बिळावर नागोबा. मला बांधायला शिकायचं होतं. पण शिकायचं तर आधी ती गाठ सोडावी लागणार आणि नाही जमलं तर पुन्हा त्याच्या दारात जावं लागणार. म्हणून मी ती कधीच सोडली नाही. कामगार भाऊच म्हणत राहिले.

नव्वदीच्या मध्यावर शेठचा मुलगा शिकून परत आला. अंगात टी-शर्ट, पायात बूट म्हणावेत की चपला असं काहीतरी. पहिल्याच बैठकीत म्हणाला, "अंकल, इतनी गर्मी में ये टाय-वाय क्यों? फ्री रहिए." तोवर बँकेचे साहेबही टाय सोडून यायला लागले होते. दुकानदार सांगायचा की आता टाय फक्त शाळेच्या पोरांचे खपतात, इलॅस्टिकवाले. मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, बघू आता टायशिवाय कर्णिक म्हणजे काय उरतो.

दुसऱ्या दिवशी तो सायलीहून आमच्याकडे आला. गळ्याचं बटण उघडं, बाह्या दोन घड्या घालून वर. असा दिसत होता की जन्मात कधी टाय बांधला नसावा आणि त्याची कधी गरजही पडली नसावी. मीही मोकळ्या गळ्याने गेलो होतो. हिंमत माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "भाऊ, काही हरपनं का तुमनं?" काही हरवलंय का म्हणे.

पुढे कर्णिकला हृदयाचा त्रास सुरू झाला आणि त्याने ठाण्याला परत जायचं ठरवलं. निघण्याच्या आधी चहाला आला. मंगलाने त्याला आवडतात म्हणून खानदेशी शेवेचे लाडू केले होते. माझ्यासाठी तिने ते दिवाळीशिवाय कधी केले नाहीत. जाता जाता त्याने विचारलं, "तो निळा टाय आहे का रे अजून? आण, तुला एकदा बांधायला शिकवून जातो. अगदी सोपं आहे." टाय शेजारच्या खोलीत खुंटीला होता. मी म्हणालो, "असेल कुठेतरी." तो माझ्याकडे बघून हसला. "बरं," म्हणाला. "राहू दे." मंगला स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघत होती.

वर्षाच्या आत कारखान्यात फोन आला. कर्णिक गेला. सकाळी फिरून आला, चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेला. मी घरी येऊन मंगलाला सांगितलं आणि तिच्यासमोर रडलो. बापाच्या वेळी रडलो नव्हतो एवढा.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये शोकसभा होती. मी ठरवलं, कोणी हसलं तरी चालेल, आज टाय घालून जायचं. खुंटीकडे हात नेला तर खुंटी रिकामी. टाय पलंगावर होता, धुतलेला, इस्त्री केलेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ.

"भावजींसाठी घालाल म्हणून सकाळी धुतला," मंगला म्हणाली. "किती मळला होता."

"गाठ?"

"गाठ सोडल्याशिवाय इस्त्री कशी करणार? बांधा ना परत."

मी तिला नको नको ते बोललो. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने तोंडाला पदर लावला.

टाय घडी करून खिशात घातला आणि सभेला गेलो. टेबलावर कर्णिकचा जुना फोटो होता, टायमधला, गाठ अगदी सरळ. शेठचा मुलगा बोलला, मी दोन वाक्यं बोललो. मग हिंमत उठला. "मना लगनमा साहेबनी माले टाय बांधी दिन्हा," तो म्हणाला. "ती गाठ मी आजून सोडेल नई." आणि तिथेच तो पोरासारखा रडायला लागला. मी जाईन तेव्हा हिंमत असा रडेल का, हा विचार त्या सभेतही माझ्या मनात आलाच. आणि त्याच्या घरी, साक्रीत, कर्णिकची गाठ अजून शाबूत आहे, याचाही मला हेवा वाटला.

संध्याकाळी आरशासमोर उभा राहिलो. टोक कधी पोटाखाली, कधी छातीवर. मंगला मागे येऊन बसली आणि बघत राहिली. बऱ्याच वेळाने गाठीसारखं काहीतरी जमलं. एका बाजूला कललेलं, गाजराएवढं जाड. मी कॉलरमध्ये बोट घातलं. बोट गेलं.

कर्णिक असता तर त्याने बघून "चालेल" म्हटलं असतं, आणि ते अशा सुरात की मी दोन दिवस बायकोशी धड बोललो नसतो. तसं जळावं असं आता सिल्वासात कोणी नाही. करमत नाही.