वहिनींचं रानडुक्कर

माझी चूक आधीच सांगून टाकतो, म्हणजे वहिनींचा राग कुणाला फुकाचा वाटणार नाही. त्यांचे वडील गेले तेव्हा दर्यापूरकडच्या शेतीवर तिघा भावांबरोबर वहिनींचंही नाव लागणार होतं. थोरला भाऊ बाळू, माझा कॉलेजातला दोस्त. तो अमरावतीला राजापेठेत माझ्या घरी आला आणि म्हणाला, ताई तुझं ऐकते, तूच समजाव. मी अकोल्याला वहिनींच्या घरी गेलो आणि समजावलं. बहिणीनं हक्क सोडायचा असतो, त्यानं माहेर टिकतं, भाऊबीजेला दार उघडं राहतं, असं बरंच काही बोललो. माझा भाऊ, दादा, पेपरात डोकं घालून बसला होता. वहिनींनी एवढंच विचारलं, "तुमाले बरोबर वाटते का, भाऊजी?" मी हो म्हणालो. त्यांनी सही केली. पुढच्या भाऊबीजेला बोलावणं आलं. नंतर नुसता फोन यायचा, आणि मग तोही बंद झाला.

वहिनी रागीट म्हणून साऱ्या गोतात ठाऊक होत्या. नोकरीच्या सुरुवातीला मी त्यांच्याकडे राहायचो. उशिरा येऊन आता जेवण राहू द्या म्हणालो की तव्यावर उलथणं असं आपटायच्या की शेजारीण खिडकीत यायची. "आमी काय खानावळ बंद केली का?" असं म्हणत वाढायच्या, आणि भाकरीवर लोण्याचा गोळा दादाच्यापेक्षा मोठा मला असायचा. त्यांचा राग मी बरीच वर्षं असा जेवणासोबत खाल्ला. त्याची भीती कधी वाटली नाही.

मग पुतणीनं पुण्याहून एक खेळ आणला. पुठ्ठ्याचा पट, पटावर जंगल, जंगलाचे तुकडे पाडलेले: नदीकाठ, बांबूचं बन, टेकडी, गवताळ माळ. प्रत्येकानं एका जातीचे प्राणी घ्यायचे. ज्या तुकड्यात ज्याचे प्राणी जास्त, तो तुकडा त्याचा. वाघासाठी सगळ्यांची झटापट व्हायची. वहिनींनी पहिल्याच दिवशी रानडुक्कर उचललं आणि पुन्हा कधी बदललं नाही. पुतणी हसली तर म्हणाल्या, "वाघ येते अन् जाते. डुक्कर एकदा वावरात घुसलं का मालकालेच बाहेर काढते."

खेळताना त्यांच्या तोंडाला लगाम नसायचा. दादा अस्वल घेऊन तासभर विचार करायचा, तर त्याला म्हणायच्या की तुमचं अस्वल झोपलं, पांघरूण आणू का? कुणी त्यांच्या तुकड्यात पाय टाकला की त्या मांडी मोडून गुडघ्यावर बसायच्या आणि तिथून हटायच्याच नाहीत, मग बाकीचं अख्खं जंगल हातचं गेलं तरी चालेल. मी एकदा शहाणपणा शिकवला की वहिनी, तो कोपरा सोडून द्या, पुढे फायदा आहे. "सोडाचं मले नका शिकवू," म्हणाल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी हसलो.

पुतणीचं लग्न झालं आणि पहिल्या दिवाळसणाला जावई आले. जेवणं झाल्यावर पट मांडला. जावईबापूंकडे वाघ, माझ्याकडे कोल्हा. कोल्ह्याला एक सवलत होती, आपली खेळी तो दुसऱ्या कुणालाही देऊ शकायचा. शेवटी सगळं नदीकाठावर येऊन अडलं. तिथे वहिनी आणि जावई बरोबरीत होते, आणि तो तुकडा ज्याचा त्याचा डाव. खेळी माझी होती. दादानं मला डोळ्यांनी खुणावलं. पहिल्या सणाला आलेल्या जावयाला आमच्यात कुणी हरवून पाठवत नाही. मी माझी खेळी जावयांना दिली. त्यांनी नदीकाठी आणखी एक वाघ ठेवला आणि लाजून हसले.

वहिनी हसल्या नाहीत. आवाजही चढवला नाही, आणि त्यांचा खाली आलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"जावायाचा मान कराचा होता तं आपल्या तुकड्यातून कराचा, भाऊजी. माह्या कायले?" मग पटावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "दर्यापूरलेई तुमी हेच केलं."

परतताना अमरावतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मी त्यांच्यावरच चिडलो होतो. नव्या जावयासमोर असं बोलतात का, खेळ तो काय आणि जुनं उकरायचं काय. मूर्तिजापूरच्या पुढे तो राग टिकेना. बाळूचा आला, दादाचा आला, ज्या रीतीनं बहिणीचा मान फक्त साडीचोळीत मोजला त्या रीतीचा आला. पण सही करायला सांगणारं तोंड माझं होतं.

वहिनींना जाऊन आता दुसरं वर्ष लागलं. त्या गेल्या त्या दिवशी तिन्ही भाऊ माहेरची साडी घेऊन आले. हिरवी, भारी, जरीची. बाळू माझ्या गळ्यात पडून रडला आणि मी हात खिशातून बाहेर काढले नाहीत. जितेपणी जिला उंबऱ्यावर बोलावलं नाही, तिला झाकायला बरी साडी आठवली. आजही ती जरीची किनार आठवली की माझं डोकं तापतं.

एक काम मात्र मी त्या असतानाच केलं, त्या दिवाळसणानंतर महिन्याभरानं. अकोल्याला गेलो. वहिनी ओसरीत मेथी निवडत होत्या, दादा शेजारी होता. मी म्हणालो, त्या दिवशी खेळात माझं चुकलं. त्यांनी मान वर केली नाही.

"खेळात काय चुकते? खेळ तं खेळ आहे. खरं बोला."

मग मी खरं बोललो, अडखळत, दर्यापूरचं. त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"मले एकटीले नका सांगू. ज्याच्यासाठी केलं, त्याले सांगा. लावा फोन."

मी दादाकडे पाहिलं. या खेपेला त्यानं कसलीच खूण केली नाही. फोन लावला, स्पीकर चालू केला आणि ओसरीच्या पायरीवर ठेवला. बाळू खुशीत होता. कापूस वेचायला मजूर मिळत नाहीत म्हणून सांगू लागला. मी त्याला थांबवलं.

"बाळू, ताई समोर बसल्या आहेत. वावरातला त्यांचा हिस्सा त्यांचाच होता. तू म्हणाला अन् मी त्यांना सोडायला लावला. त्यात माहेर टिकवायचं काही नव्हतं, मला तुझी दोस्ती टिकवायची होती. वहिनी, मी तुमचं नुकसान केलं. मला माफ करा."