नुसती नागीण

नवऱ्याला नागीण उठली तेव्हा सासूबाईंनी गेरू लावायला घेतला. बरगडीपासून पाठीपर्यंत पाण्याच्या फोडांचा पट्टा, नुसती आग आग. रोज बघायच्या आणि म्हणायच्या, "तोंडाला शेपूट टेकलं की माणूस जातंय." मीही घाबरून तेवढंच बघत बसले. फोड वाळले, पट्ट्याची टोकं काही जुळली नाहीत. सुटलो म्हणालो आम्ही.

कसलं सुटतोय. मग अंगात कणकण राहायला लागली. पँट कमरेवर थांबेना. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात धुरळा लई, त्यानं माणूस वाळतंय, असं हेच सांगायचे. जिभेवर पांढरा थर आला, घास गिळवेना, तर म्हणे मावा खाऊन तोंड आलंय. प्रत्येक दुखण्याला उत्तर तयार. माझं डोकं फिरलं. ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी जीभ बघितली, मग बरगडीवरचे डाग. "नागीण झाली होती? एवढ्या तरुण वयात?" मग म्हणाल्या, "एचआयव्हीची तपासणी करू या. असेलच असं नाही. पण ही लक्षणं एकत्र आली की बघावं लागतं."

"मला तसला आजार न्हाय," म्हणत हे उठून बाहेर चालायला लागले.

व्हरांड्यात मी आडवी उभी राहिले. "तुमी नका देऊ रक्त. मी देते. तुमाला असंल तर मलाबी असंल की."

यांचं तोंडच उतरलं. माझा विचार तोवर यांच्या डोक्यात आलाच नव्हता, ते मला दिसलं आणि लई राग आला. हे माझ्याआधी आत गेले.

दोघांचा निकाल येईपर्यंत बाकावर शेजारी बसलो. समुपदेशक बाईंनी दोघांना विचारून एकत्रच आत घेतलं. यांना होता. हे मान हलवत राहिले, दुसऱ्या कुणाचं चाललंय तसे.

"ताई, तुम्हाला नाही. पण तीन महिन्यांनी परत तपासू."

तेव्हा मात्र हे ढसाढसा रडले. बाई सांगत होत्या, औषध आजच सुरू करू, रोज न चुकता घेतलं तर चांगलं जगता येतं. यांचं लक्ष कुठं होतं.

"कुटनं आणलं ते मी इचारणार हाय," मी म्हणाले. "सोडणार न्हाय. पर आदी डोळं पुसा आन् गोळी कशी घ्यायची ते ऐका."