उसातून बोलत जाताना

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. जुन्नर-आंबेगावात बिबट्यांनी माणसांची झोप उडवली होती, आणि मी दर हिवाळ्यासारखा ओतूरहून येडगावला पायी निघालो होतो. फरक एवढाच, की त्या वर्षी घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं.

दिवसदिवस चालणं हा माझा जुना शौक. बायकोला त्याचा तिटकारा. पण मी परतलो की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "आज कोण कोण भेटलं?" म्हणजे माणसं नव्हेत, माणसांत तिला फारसा रस नव्हता. मुंगूस, भारद्वाज, साप. मी तिखटमीठ लावून सांगायचो. तिला ते कळायचं, तरी ऐकायची. ती जाऊन वर्ष होत आलं होतं आणि ती गेली हे मी अजून कुणाला तोंडानं सांगितलं नव्हतं. लोक भेटायला आले की मी चहाचं बघायला आत पळायचो.

त्या सकाळी मुंगूस आडवं गेलं. भारद्वाज दिसला. शुभ म्हणतात; कसलं डोंबलाचं शुभ! कालव्याच्या कडेला टिटवीनं माझ्या नावानं शिमगा केला. एरवी मी हरखून गेलो असतो. त्या दिवशी प्रत्येक वेळी एकच वाटलं, हे आता सांगायचं कुणाला?

उसाची वाट सुरू झाली तिथं गवत कापणाऱ्या एका बाईनं हटकलं.

"पावणं, एकलेच? मग गप जाऊ नका. मोठ्यानं बोलत जावा. आमी समदी तसंच करतो. माणसाची चाहूल लागली की बिबट्या बाजूला व्हतो."

दोन्हीकडं डोक्याच्या वर ऊस. एकट्यानं बोलायचं तरी काय? आधी पाढे म्हटले. मग ओल्या मातीत पंज्याचे ताजे ठसे दिसले आणि पाढे विसरलो. तोंडातून निघालं, "अगं, ऐक ना. आज मुंगूस भेटलं."

मग मी थांबलोच नाही. टिटवी सांगितली, ठसे सांगितले, तिखटमीठही लावलं. मध्येमध्ये तिला बोलायला जागा सोडली.

ऊस संपला तिथं मोकळ्या रानात मेंढरं बसली होती. गळ्यात खिळ्यांचा पट्टा असलेलं कुत्रं अंगावर आलं. धनगरानं ते आवरलं आणि माझ्यामागच्या वाटेकडं पाहत विचारलं, "बाई कुठं राहिल्या? मघाधरनं तुमचं अगं-अगं ऐकतोय."

मीही वळून त्या वाटेकडं पाहिलं. त्याला भलतंच वाटलं.

"काय राव! बिबट्याच्या रानात बाईमाणसाला मागं सोडून येता व्हय?"

त्यानं काठी उचलली, कुत्र्याला हाक मारली आणि तरातरा उसात शिरला. मी मागं धावलो.

"भाऊ, थांबा! ती नाही तिथं. ती वारली."

एवढं बोललो आणि बांधावर बसून रडलो. धनगर परत आला आणि शेजारी टेकला. कुत्रं माझा हात हुंगत राहिलं. मी उठलो तेव्हा तो म्हणाला, "येडगावपतूर लई ऊस हाय अजून. बोलत जावा."

पुढचा ऊस लागला. मी तिला आधी कुत्र्याचं सांगितलं. मग सांगितलं, की एक माणूस काठी घेऊन तुला शोधायला निघाला होता. त्याला तिखटमीठ लावावं लागलं नाही.