डेल्फियाच्या गाण्यातली मोकळी जागा

आमची डेल्फिया गाताना मधेच थांबायची. एक ओळ म्हणायची अन् गप्प. बोटं तारांवर तशीच, नजर समोर, गिऱ्हाईकाची वाट बघणाऱ्या दुकानदारासारखी. मग दुसरी ओळ. परत गप्प. शुक्रवारी संध्याकाळी जुन्या सैनिकांच्या हॉलमधे ती गायची, तिथं नवीन माणसाला वाटायचं हिला शब्दच आठवेनात. एकदा टायरवाला गार्नर मागच्या खुर्चीवरनं ओरडला, "डेल, विसरलीस काय गं? सांगू का पुढचं?"

"विसरले नाही," ती म्हणाली. "तुझीच वाट बघतेय. गा की!"

सगळा हॉल हसला. गार्नर काही गायला नाही. कुणीच गायलं नाही कधी. लोक टाळ्या वाजवायचे, तिची कॅसेट मागायचे, पुढं सीडी मागायचे, पण ती जागा मोकळीच राहायची.

ही सवय तिला लागली आर्विलमामापासनं. मामा म्हंजे तिच्या आईचा थोरला भाऊ. डेलचा बाप कोळशाच्या खाणीत छत कोसळून गेला, तेव्हा आई तिला घेऊन मामाच्या आवारातल्या छोट्या घरात राहायला आली. बरोबर काय आणलं, तर एक शिलाई मशीन अन् बापाची गिटार. मामा पण खाणीतलाच. पण रविवारी चर्चमधे तो ओळ द्यायचा. आपल्याकडं चर्चमधे पियानो नाही, गिटार नाही, काही नाही. एक बाप्या उभा राहतो, गाण्याची ओळ झरझर सांगून टाकतो, अन् मग सगळी माणसं ती उचलतात अन् ओढत ओढत, वळणं घेत, डोंगराची पायवाट चढावी तशी वर नेतात. ती वर पोचली की तो दुसरी देतो. गाणं कुणाला पाठ असायची गरज नाही. देणारा पाहिजे, बस.

डेल नोव्हामामीच्या मांडीला टेकून बसायची. तो आवाज म्हणे तिला कानानं नाही, बाकाच्या लाकडातनं पाठीत ऐकू यायचा. ती पुढं सांगायची, "मला वाटायचं जगातलं सगळं गाणं असंच असतं. अर्धं आपण म्हणायचं, अर्धं लोकांनी." आईच्या स्वयंपाकघरात रेडिओ लागायचा, त्यातली माणसं पूर्ण गाणं एकटीच म्हणून टाकायची, तर हिला त्यांची कीव यायची. म्हणायची, ह्यांच्या घरी कुणी नाही का?

तिनं स्वतः गाणी करायला घेतली ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागल्यावर. पोरांच्या ताटांवर बीन्स वाढता वाढता ओठ हलत असायचे. ताटं धुवायच्या मशीनचा जो खडखडाट, त्याच्या तालावर तिनं निम्मी गाणी बांधलीत. अन् कशावर गाणी? मामीच्या जनरेटरवर. पुरात वाहून गेलेल्या पुलावर. एका बाईवर, जी नवरा गेल्यावरसुद्धा दोघांची कॉफी करते. साधं साधं. पण ऐकलं की वाटायचं, अरे, हे तर आपल्या नाकासमोर होतं, आपल्याला कसं दिसलं नाही?

गाणी टेपवर भरायची जागा म्हंजे मामीचं तळघर. दगडी भिंती, चहूकडं फळ्यांवर बीन्सच्या, टोमॅटोच्या, सफरचंदाच्या बरण्या. दाराला गोधड्या लावायच्या अन् मधे बसून गायचं. तिचा एक वरचा सूर लागला की एका फळीवरच्या बरण्या किणकिण करायच्या. ती बरण्या हलवू द्यायची नाही. "त्या माझा बँड आहेत," म्हणायची.

नोव्हामामी म्हणायची, "तुझ्या बँडमधला टोमॅटो मी आज सूपमधे घातला गं."

"कुठल्या फळीवरचा?"

"खालच्या."

"मग चालेल. खालचे बेसूरच होते."

एकदा नॅशव्हिलहून, जिथं रेकॉर्डवाल्या कंपन्या आहेत तिथनं, एक माणूस आला. ट्रेंट नाव, बूट एकदम कोरे. तिचं गाणं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. तळघरात बसला, ऐकलं, अन् खरं सांगायचं तर त्याचे डोळे भरले. मग म्हणाला, "मॅडम, रेकॉर्ड आपण करूच. फक्त ह्या ज्या मोकळ्या जागा आहेत ना, त्या बुजवू. फिडल टाकू तिथं."

"तिथं नाही टाकता यायचं," डेल म्हणाली.

"का?"

"तिथं माणसं राहतात."

तो हसला. ती हसली नाही. तो गेला तो गेलाच. आई चिडली, आठवडाभर बोलली नाही. पण डेलचं ठरलं होतं. रेकॉर्ड करायची तर आपल्या खोऱ्यात, आपल्या नावावर, मोकळ्या जागांसकट. अन् त्याच्याआधी एक गोष्ट तिला पाहिजे होती. एकदा, एकदाच, ती जागा भरलेली ऐकायची होती. आपल्याच माणसांनी भरलेली. दरवर्षी उन्हाळा सरता सरता घराण्याच्या टेकडीवर, कबरींपाशी, गेलेल्यांच्या आठवणीची सभा होते, तिथं. बाप तिथंच पुरलेला होता.

पण बाई ओळ देत नाही. बायका गातात, रडतात, देवाचं नाव घेऊन टाहो फोडतात, पण उभं राहून ओळ बाप्यानंच द्यायची. कुठं लिहिलेलं नाही, पण आहे. म्हणून तिनं मामाला विचारलं. अंगणात तो बीन्सच्या शेंगा दोऱ्यात ओवत बसला होता, वाळवायला.

"मामा, टेकडीवर माझं एखादं गाणं देशील का?"

मामानं वर पाहिलं नाही. "तुझं गाणं गिटारवर झालंय."

"गिटार खाली ठेवीन की."

"गिटार खाली ठेवशील. पण गाणं पायानं ताल धरूनच चालतं ना तुझं. वर चढायला तसं चालत नाही, पोरी. धाप लागते."

एवढंच. रागावला नाही, काही नाही. शेंगा ओवत राहिला. ती पण खाली बसली अन् ओवू लागली. मामानं तिला त्या हॉलमधे जाऊन कधी ऐकलं नव्हतं. ती गाते हे त्याला ठाऊक आहे की नाही, असं वाटावं इतका तो त्या बाबतीत गप्प असायचा.

मग मामाच्या छातीनं दगा दिला. खाणीतली धूळ आत बसलेली, आपल्याकडच्या किती जणांच्या बसलीय. ऑक्सिजनचं मशीन घरी आलं. खिडकीपाशी खुर्ची, नाकात नळी, अन् ते मशीन दिवसभर घुर्र-फुस्स. चर्चमधे ओळ द्यायला आता बेंटन भाऊजी उठायचे. चांगले देतात ते, पण मामा तो मामा. मामानं दिलेली ओळ हवेत उभी राहायची.

त्या वर्षी टेकडीवरच्या सभेला मामाला नेऊ नये असं सगळ्यांनी ठरवलं, अन् मामानं ऐकलं नाही. गार्नरच्या डोंगर चढणाऱ्या उघड्या चारचाकीवर बसवून त्याला वर नेला, मांडीवर ऑक्सिजनची छोटी टाकी. गार्नर म्हणाला, "आर्विल, वर नेऊन परत आणायचंय तुला, मधेच राहायचा विचार करू नको."

"जागा बघून येतो," मामा म्हणाला. "ओलावा तर नाही ना."

शेडखाली बाकं भरली. एका बाजूला बायका, एका बाजूला बाप्ये. डेल मामीशेजारी. प्रवचनं झाली, गेलेल्यांची नावं वाचून झाली. तिच्या बापाचं नाव आलं तेव्हा तिनं मान खाली घातली. मग सभा चालवणारे धर्मोपदेशक ब्रदर हॉबर्ट म्हणाले, "कुणाला गाणं द्यावंसं वाटतंय का?" बेंटन भाऊजी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात मामाचा हात वर गेला. दोघांनी धरून त्याला उभा केला.

अन् मामानं ओळ दिली.

आवाज तसा राहिला नव्हता. पण ओळ झरझर, स्वच्छ, पूर्वीसारखी. जुनी चाल, टेकडीवर कायम गातात तीच संथ चाल. लोकांनी उचलली. दोनशे माणसं असतील, सगळ्यांनी ओढली, वळवली, वर नेली. डेल पण गात होती, सवयीनं, तोंड उघडून. अन् अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं आपण काय गातोय.

"दार लोटून घे, पण कडी घालू नको."

तिची ओळ होती. तळघरात, बरण्यांच्या मधे बसून केलेली. आई असंच करायची, बाप रात्रपाळीहून यायचा म्हणून. तिथं ती हे गाणं ताल धरून म्हणायची, हॉलमधे अजून गायलीच नव्हती. इथं ताल काढून टाकलेला. नुसती ओळ, अन् दोनशे गळे. मामीचा दंड तिनं असा धरला की मामीच्या हातावर वळ उठले.

ओळ संपली. सगळे थांबले. मामानं दुसरीसाठी तोंड उघडलं.

श्वास आलाच नाही.

त्यानं परत प्रयत्न केला. खांदे वर गेले, छाती फुलली, पण आवाज निघेना. बेंटन भाऊजी पुढं वाकले, त्यांना सांगता आली असती तर त्यांनी सांगितली असती, पण हे गाणं त्यांना कुठं ठाऊक? कुणालाच ठाऊक नव्हतं. टेकडीवर माणसं तोंडं उघडी ठेवून बसलेली. झाडांवर किडे कर्र करत होते तेवढंच. गाणं असं अर्ध्यात टाकून कुणी खाली उतरत नाही आपल्याकडं. अन् पुढची ओळ आख्ख्या जगात दोनच माणसांना माहीत. एकाकडं श्वास नव्हता. दुसरी बाई होती.

मामानं मान वळवली अन् बायकांच्या बाजूला बघितलं. खूण नाही केली, काही नाही. नुसतं बघितलं.

डेल उठली नाही. बसल्या जागेवरनं, हात मांडीत, मान खाली, तिनं ओळ दिली. झरझर. जुन्या चालीत.

"वाट ओली आहे, उतरण निसरडी आहे, अन् येणाऱ्याच्या हाती कंदील नाही."

क्षणभर काहीच नाही. मग ब्रदर हॉबर्टनी डोळे मिटले अन् उचलली. अन् त्यांच्यामागं सगळ्यांनी. आवाज असा आला की शेडचं पत्र्याचं छप्पर थरथरलं. बाकातनं तिच्या पाठीत शिरला, लहानपणी शिरायचा तसाच, पण ह्या खेपेला आतमधे तिचेच शब्द होते. गार्नर, हॉलमधे कधी तोंड न उघडणारा, रडत गात होता.

तिनं तिसरी दिली. "चूल विझू दे, भाकर झाकून ठेव." उचलली. मग चौथी.

"येणारा आपलाच आहे, हाक मारायला त्याला श्वास नाही."

ही तिनं बापासाठी केली होती. पण टेकडीवरच्या एकूण एक माणसानं मामाकडं बघितलं. मामा दोघांच्या खांद्यांना धरून उभा, ओठ हलत होते, आवाज नव्हता. लोकांनी ती ओळ इतकी हळू नेली, इतकी जपून नेली, की जणू खाली ठेवली तर फुटेल.

नंतर लांब टेबलांवर जेवणं मांडली. चिकन, डंपलिंग, वाळवलेल्या शेंगांची भाजी, मक्याचा पाव, नोव्हामामीचा सफरचंदाचा थरांचा केक. डेलनं ताट घेतलंच नाही. बाईनं ओळ दिली म्हणून कुणी काही बोलेल, ह्या भीतीनं ती बसली होती. ब्रदर हॉबर्ट ताट घेऊन जवळनं गेले, थांबले. "डेल्फिया, तू उभी राहिली होतीस का गं?"

"नाही, ब्रदर."

"मला पण तसंच दिसलं," म्हणाले, अन् केककडं गेले.

डेल मामीला म्हणाली, "मामी, त्यानं हे गाणं ऐकलं कुठं? तो तर कधी..."

"अगं, तू तळघरात उतरलीस की तो मशीन बंद करायचा," मामी म्हणाली. "घुर्रघुर्रीत तुझं ऐकू यायचं नाही म्हणून. मी ओरडायचे, मरशील म्हाताऱ्या. तर हात असा करायचा, थांब म्हणून. ओठ निळे व्हायचे, पण गाणं संपल्याशिवाय लावू द्यायचा नाही."

डेल उठली अन् मामाच्या खुर्चीपाशी जाऊन खाली गवतात बसली. मामानं दम गोळा केला.

"दुसरी ओळ लांब आहे," म्हणाला.

"काय?"

"लांब आहे. माणसाच्या छातीत... मावत नाही. काप."

ती हसायला लागली अन् हसता हसता तिला रडू फुटलं. "काय कापू रे?"

"ओलं अन् निसरडं... एकच की." मामा थांबला, श्वास घेतला. "कंदील ठेव."

तिनं कापली. आता ती ओळ एवढीच आहे, की येणाऱ्याच्या हाती कंदील नाही. मामा पहिला बर्फ पडायच्या आत गेला, अन् टेकडीवर जागा कोरडीच निघाली. रेकॉर्ड तिनं तळघरातच केली, मोकळ्या जागांसकट. त्या जागी नीट कान दिला तर बरण्या ऐकू येतात. अन् प्रत्येक गाण्याची प्रत्येक ओळ, जुनी असो नवी असो, तिनं परत मोजून बांधली, मामा खुर्चीत बसून एका दमात जेवढं बोलू शकायचा तेवढीच.