बांधापलीकडचा मका

कणीस सोलताना येणारा ओला, किंचित दुधाळ वास मला अजूनही वडगावजवळच्या आमच्या दहा गुंठ्यांत नेऊन सोडतो. २००२ च्या दिवाळीनंतर आबांना, माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. जबडा नीट हलेना, जेवण पेजेवर आलं आणि एका संध्याकाळी ते म्हणाले की कणीस खावंसं वाटतंय. या माणसाने मक्याची सगळी रूपं हाताळली होती: भाकरीचा पांढरा गावरान, लाह्यांचा बारीक टोकदार, कोंबडीखाद्याला जाणारा पिवळा संकरित, म्हशींसाठी दाट पेरायचा उंच चाऱ्याचा. त्यांतला एकही आता त्यांच्या हिरड्यांना पेलणारा नव्हता.

पातळ सालीचा गोड मका तेव्हा आमच्याकडे नवा होता. जानेवारीअखेर मी त्याचं बी आणलं. नोकरी मोजणी खात्यात. त्यामुळे दोन ओळींत दोन फूट, दोन रोपांत नऊ इंच, सगळं टेप लावून. पश्चिमेच्या बांधापलीकडे मल्लाप्पाअण्णांनी त्याच आठवड्यात दोन म्हशींसाठी चाऱ्याचा मका पेरला होता. दोन्ही पिकांना तुरे एकदमच आले. दुपार कलली की त्यांच्या शेतावरून वारा यायचा आणि तिरप्या उन्हात तुऱ्यांच्या परागाची सोनेरी धूळ तरंगत माझ्या कणसांच्या रेशमी केसांवर उतरायची. मी बांधावर उभा राहून ते सौंदर्य डोळे भरून पाहत असे.

पहिलं कणीस उकडून दिलं तेव्हा आबांनी दाणा जिभेने बाहेर ढकलला. घट्ट, पिठूळ. मी कणीस घेऊन मोजलं: चौदा ओळी, चारशे नव्वद दाणे, त्यांतले एकशे त्रेसष्ट चाऱ्याच्या मक्याच्या वळणाचे. भेटीला आलेले मल्लाप्पाअण्णा एका दाण्यावर नख दाबून हळूच म्हणाले, "आमचा तुरा बसलाय ह्यावर." आबा हसले, झटक्यानंतर पहिल्यांदाच.

"सरी मोजलीस, बी मोजलंस. वारं मोजलंस काय रं?"

मल्लाप्पाअण्णा मात्र हसले नाहीत.

पुढल्या वर्षी मी पुन्हा तोच मका लावला. आबांची तब्येत पाहता आणखी एक उन्हाळा मिळेल का, हे कुणी सांगत नव्हतं. रोपं गुडघ्याला लागली तरी बांधापलीकडची जमीन नांगरून तशीच. मी अण्णांना विचारलं. "बी मिळालं न्हाई की येळंवर," ते म्हणाले. त्यांच्या गोठ्याच्या आढ्याला बियाण्याची पिशवी मी आठवड्यापूर्वीच पाहिली होती. त्यांनी पेरलं ते माझ्यानंतर तेवीस दिवसांनी. तोवर साखर कारखाने बंद झाले, उसाच्या शेंड्यांचं वाडंही मिळेना. चारा हाताशी येईपर्यंत हा साठीचा माणूस म्हशींसाठी चार मैलांवरून सायकलवर गवताचे भारे आणत राहिला.

एप्रिलात आबांनी दीड कणीस खाल्लं, एकेक दाणा हिरड्यांत दाबून, डोळे मिटून. उरलेलं अर्धं माझ्या हातात देत म्हणाले, "मल्लाप्पाला दे जा. त्यानं कुठं चाखलाय."

अण्णांनी ते बांधावर उभ्यानेच खाल्लं. "ग्वाड हाय की," एवढंच म्हणाले आणि दाणे संपलेला बुरखुंडा म्हशीपुढे टाकायला निघून गेले. मागे त्यांचा मका छातीएवढा सळसळत होता, तुरा अजून पोटात धरून. वारा नेहमीसारखाच तिकडून येत होता. या खेपेला त्यात ती सोनेरी धूळ नव्हती. तरी मी बराच वेळ त्याच्याकडे तोंड करून उभा राहिलो.